आश्रितेचा व्हिसा

‘नवरा मारतो, तर ती त्याला सोडून का देत नाही?’ हा प्रश्न आपल्याकडे फार सहजपणे विचारला जातो. विचारणाऱ्याने एक गोष्ट गृहीत धरलेली असते : बाईने उंबरठा ओलांडला की पुढे रस्ता असतो. अमेरिकेत ‘एच-४’ व्हिसावर गेलेल्या आपल्या मुलींच्या बाबतीत हे गृहीतच खोटे ठरते.

‘एच-१बी’ व्हिसावर नोकरीसाठी गेलेल्या तंत्रज्ञाच्या पत्नीस एच-४ हा आश्रिताचा व्हिसा मिळतो. तिचे तेथील वास्तव्य सर्वस्वी पतीच्या वास्तव्यावर अवलंबून असते. घटस्फोट होताच त्याचा आधार संपतो. कमावण्याचा हक्कही तिला आपोआप मिळत नाही. २०१५ च्या नियमाने काही पत्नींना तो दिला, पण पतीचे ग्रीन कार्डाचे प्रकरण ठराविक टप्पा गाठून असेल तरच, म्हणजे पुन्हा त्याच्याच आधाराने. पुण्यात वा नागपुरात स्वतःच्या पगारावर जगणारी मुलगी तेथे विमानातून उतरते ती उत्पन्नहीन म्हणून. संसारातील सौदाशक्ती कायद्यानेच एका बाजूस बहाल केल्यावर दुसऱ्या बाजूच्या संमतीला कितीसा अर्थ उरतो?

अमेरिकी कायद्याला याची जाण नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९९४ च्या स्त्रियांवरील हिंसाचारविरोधी कायद्याने पीडित जोडीदारास पतीच्या सहीवाचून, त्याला कळूही न देता, कायम वास्तव्यासाठी स्वतः अर्ज करण्याचा अधिकार दिला. पीडित पुरुषांनाही तो मिळतो. घटस्फोट छळामुळे झाला असेल तर त्यानंतर दोन वर्षांपर्यंत हा अर्ज करता येतो.

परंतु एक अट आहे : छळ करणारा अमेरिकेचा नागरिक वा ग्रीन कार्डधारक असला पाहिजे. एच-१बी वरील पती यांपैकी काहीच नसतो. आणि तो ग्रीन कार्डधारक केव्हा होणार? नोकरीच्या आधारे दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाचा वाटा सामान्यतः ७ टक्क्यांवर जाऊ दिला जात नाही. त्यामुळे भारतीय अर्जदारांची रांग कित्येक वर्षांची झाली आहे. रांगेत उभा असतो नवरा. मार खात थांबते बायको. देशवार कोट्याच्या रूक्ष अंकगणितामागे हा मानवी हिशेब दडलेला आहे.

अशा स्त्रीसाठी उरतात ते दोन अपुरे मार्ग. २००० च्या कायद्याने गुन्ह्याच्या बळींसाठी ‘यू’ व्हिसा निर्माण केला. त्यासाठी तपासात साहाय्य केल्याचे पोलिसांचे वा तत्सम यंत्रणेचे प्रमाणपत्र लागते. असे व्हिसा वर्षाला १०,००० च आणि रांग वर्षानुवर्षांची. दुसरा मार्ग म्हणजे एच-४ वरील पीडितेस स्वतंत्र कामाचा परवाना. ही तरतूद जानेवारी २००६ मध्ये कायद्यात आली, मात्र अर्ज स्वीकारले जाऊ लागले ते २०१७ मध्ये! हा परवाना दोन वर्षांचा असतो. तो काम करू देतो, वास्तव्याचा हक्क देत नाही. पोटाची सोय आणि पायाखाली जमीन नाही, अशी ही मेहेरबानी आहे.

सवलती वाढवल्या तर खोट्या तक्रारींचे पेव फुटेल, असा आक्षेप घेतला जातो. पण आजही पुरावा द्यावाच लागतो, आणि तो तपासण्यास अधिकारी आहेत. शिवाय हाच पुरावा ग्रीन कार्डधारकाच्या पत्नीकडून विश्वसनीय आणि नोकरदार व्हिसाधारकाच्या पत्नीकडून निरुपयोगी मानावा, यात कोणता न्याय आहे? मार तर सारखाच असतो.

म्हणून मागणी स्पष्ट असावी : स्वतः अर्ज करण्याचा हक्क पतीच्या व्हिसाच्या प्रकाराशी बांधलेला नसावा, आणि आश्रिताच्या व्हिसाबरोबरच कामाचा परवाना मिळावा. अमेरिकेचा कायदा आपण येथे बसून बदलू शकत नाही, हे खरे. परंतु परदेशस्थ स्थळ आले की आपण मुलाचा पगार विचारतो, व्हिसाच्या अटी विचारत नाही, हे तर बदलू शकतो. आपल्या कार्यकर्त्यांनी एवढे तरी घरोघर सांगावे : पासपोर्ट आणि कागदपत्रे मुलीने स्वतःजवळ ठेवावीत, त्यांच्या प्रती माहेरी असाव्यात, आणि दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी १९८५ मध्ये न्यू जर्सीत स्थापन झालेल्या ‘मानवी’सारख्या संस्था तिला ठाऊक असाव्यात. आणि फोनवर ती रडली तर ‘जरा सांभाळून घे’ हे उत्तर देऊ नये. तिकडच्या कायद्याने तिचे एक दार बंद केले आहे. माहेरचे दार तरी उघडे राहू द्या.