टंचाईचा खेळ

पेणच्या गणेशमूर्तींची मागणी व्यापारी काही महिने आधीच नोंदवतात आणि कारखाने त्या अंदाजाने काम करतात. व्हिडिओ गेमच्या बाजाराची रीत उलटी आहे. १२ जानेवारी २०२१ रोजी भारतात 'प्लेस्टेशन ५'ची आगाऊ नोंदणी खुली झाली आणि काही मिनिटांत साठा संपला. ४९,९९० रुपयांचे हे यंत्र मग चढ्या भावाने फेरविक्रीस आले. तेव्हा निदान चिपटंचाईचे कारण होते. संग्राहकांसाठीच्या आवृत्तीत मात्र संख्या मुद्दामच मोजकी ठेवतात. प्लेस्टेशनच्या तिसाव्या वर्षानिमित्त २०२४ मध्ये निघालेले 'प्रो'चे विशेष संच जगभरात अवघे १२,३०० होते. भारतात ते अधिकृतपणे आलेच नाहीत. खिशात पैसे आणि हाती इंटरनेट असूनही रोह्यातील खेळाडूच्या वाट्याला येतो तो फेरविक्रेताच. मागणी आधी नोंदवून तेवढाच माल काढणे अशक्य नाही. त्याचा धडा शेजारच्या पेणमध्येच आहे.