मेसेजला कुलूप आहे, मोबाईलचे काय?

डिसेंबर 2024 मध्ये परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. पुढे सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या दिवसांत आमचे सगळे बोलणे व्हॉट्सअॅपवर चालले. 'एन्क्रिप्टेड आहे, कोणी वाचत नाही,' असे कार्यकर्ते आजही सांगतात.

हे अर्धेच खरे. 2016 पासून त्या कुलपाच्या किल्ल्या फक्त पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनमध्ये असतात. मधल्या सर्व्हरला निरर्थक अक्षरे दिसतात. पण फोनच दुसऱ्याच्या ताब्यात गेला तर? 2019 मध्ये पेगॅससच्या लक्ष्यांत आनंद तेलतुंबडे होते. भीमा कोरेगाव प्रकरणातील रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये मालवेअरने फायली घुसवल्याचा निष्कर्ष अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने 2021 मध्ये काढला. तिथे कुलूप कोणी फोडलेच नाही, चोर आधीच घरात होता. (आमच्या ग्रुपमधले स्क्रीनशॉट तर फुकटातच बाहेर जातात.)

म्हणून कुलूपच काढा म्हणायचे का? 2021 च्या आयटी नियमांतील 'पहिला पाठवणारा शोधून द्या' ही अट आम्हाला मान्य नाही. निमित्त गंभीर गुन्ह्यांचे आहे. पण त्यासाठी प्रत्येकाच्याच संदेशावर खूण ठेवावी लागेल, मोर्चाची हाक देणाऱ्या आमच्या पोरांच्याही. व्हॉट्सअॅप याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले, ते धंद्यासाठी. आमचा विरोध आमच्या कारणासाठी आहे.