नोटरीचा शिक्का, परदेशवारी आणि दोन नावांच्या आया

१/ ‘नोटरी हे इंग्रजांनी मागे ठेवलेले थोतांड, शिक्के बंद करा’ असे आपल्या इतिहासप्रेमी मंडळींत वारंवार ऐकू येते. हे विधान इतिहासाला धरून नाही आणि न्यायालाही नाही. म्हणून हा धागा.

२/ आधी इतिहास. १५३३ साली आठव्या हेन्रीच्या राजवटीत इंग्लंडमधील नोटरी नेमण्याचा पोपचा अधिकार कँटरबरीच्या आर्चबिशपकडे गेला. त्याचा ‘मास्टर ऑफ द फॅकल्टीज’ हा अधिकारी पुढे भारतातील नोटरीही नेमू लागला. १८८१च्या कायद्याने इथल्या सरकारला नोटरी नेमता येत, पण त्याच कायद्यातील कामांपुरते.

३/ ही परावलंबी व्यवस्था मोडली ती स्वतंत्र भारताच्या संसदेने, १९५२च्या नोटरी अधिनियमाने. ज्याला गुलामीची खूण म्हणता, तो शिक्का आपण स्वतःच्या हाती घेतलेला आहे.

४/ आता न्याय. अंधेरी, बोरिवली, मुलुंडमधील कितीतरी आयांचा जन्म गावी, घरातच झाला. जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९चा. त्याआधीच्या अनेक जन्मांची नोंदच नाही. मुलाने अमेरिकेतून आईच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, की नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला लागतो आणि वयाने मोठ्या जवळच्या नातलगाचे शपथपत्रही.

५/ शिवाय लग्नात नाव बदलण्याची आपली रूढी. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, आधार कार्डावर दुसरी. ‘या दोन्ही मीच’ हे तिलाच शपथेवर सांगावे लागते. नवऱ्याला कधीच नाही.

६/ नोटरी मजकुराच्या सत्यतेची हमी देत नाही. ही व्यक्ती माझ्यासमोर आली, तिची ओळख पटली, तिने शपथ घेऊन सही केली, एवढेच तो सांगतो. म्हणून माणूस न पाहता मारलेला शिक्का ही निव्वळ लबाडी आहे. परदेशी अधिकाऱ्याला शंका आली, तर जाब त्या आईला द्यावा लागतो.

७/ डिसेंबर २०१६मध्ये पारपत्राच्या अर्जासोबतची प्रतिज्ञापत्रे साध्या कागदावर स्वीकारण्याचा निर्णय झाला. तो योग्यच होता. पण आपल्या सरकारने नागरिकावर ठेवलेला विश्वास परकीय वकिलातीला बांधील नाही. तिथे शिक्का रद्द केल्याने आईची अडचण सुटत नाही. तिच्या हातचा कागद तेवढा जातो.

८/ तेव्हा मागणी नोटरी हटवण्याची नको, कायदा पाळण्याची हवी. आईला प्रत्यक्ष घेऊन जा. इंग्रजी मजकूर तिला मराठीत समजावून सांगितल्याशिवाय सही होऊ देऊ नका; भाषांतर करणे व ते प्रमाणित करणे हेही नोटरीचेच काम आहे. आणि नोंदवहीत नोंद झालेली पाहूनच उठा. जिच्या जन्माची नोंद कुणी ठेवली नाही, तिच्या शपथेची तरी नीट राहू द्या.