मनाचा पंचनामा यंत्राने का करावा?

संगणकाला दिवास्वप्ने पडतात काय? प्रश्न रिकामटेकड्यांचा वाटेल. पण उद्या तो आपल्या पोरांच्या नोकरीशी आणि आपल्या माणसांच्या जामिनाशी येऊन भिडणार आहे, म्हणून चळवळीने तो आजच समजून घेतला पाहिजे.

अमेरिकेतील संशोधक एरिक म्युलर यांनी ‘डेड्रीमर’ नावाचा प्रोग्राम तयार केला. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९९० साली आले. त्यातील एका प्रसंगात नामांकित सिनेनट भेटीला नकार देतो. मग प्रोग्राम स्वतःची समजूत घालतो, सूडाचे बेत रचतो, ‘तसे न होता असे झाले असते तर’ याची जुळवाजुळव करतो. राग, अपमान, आशा यांना त्यात आकडे दिलेले होते. म्हणजे यंत्राने अपमान सोसला नव्हता. अपमानित माणूस काय करतो, याचे नियम तेवढे त्यात लिहिलेले होते. मन समजून घेण्यासाठी असा प्रयोग करण्यात काहीच गैर नाही.

गैर तेव्हा होते, जेव्हा यंत्राच्या आकड्यावरून जिवंत माणसाचा निवाडा केला जातो. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात मेंदूतील विद्युतलहरी नोंदवणाऱ्या चाचणीचा आधार घेतला. पुढे ५ मे २०१० रोजी ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, संमतीशिवाय नार्को, लाय डिटेक्टर किंवा ब्रेन मॅपिंग करता येणार नाही. हा निकाल देणाऱ्या पीठाचे प्रमुख होते देशाचे पहिले दलित सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन. आधार होता संविधानाच्या कलम २०(३) आणि २१ चा.

आता चेहरा पाहून भाव सांगणारी यंत्रे आली आहेत. युरोपीय संघाने २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या जागी आणि शाळा-कॉलेजांत त्यांना मनाई केली, अपवाद फक्त वैद्यकीय व सुरक्षेच्या कारणांचा. आपल्याकडे अशी स्पष्ट मनाई नाही. मेहकर-लोणारच्या खेड्यातून पोटासाठी पुण्याला गेलेल्या पोराचा चेहरा उद्या असे यंत्र वाचू लागले तर? ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घालायला लावली, त्यांची खाली गेलेली नजर ते अपराधी ठरवील काय? आणि ताठ मान उर्मट?

१९२७ साली महाडला चवदार तळ्याकडे निघालेल्यांच्या मनातही ‘असे झाले तर’ हेच होते. ते कुठल्याही आकड्यात मावणारे नव्हते. म्हणून मागणी साधी आहे. माणसाचे भाव यंत्राने तोलायचे असतील तर आधी त्याची खुली संमती हवी, यंत्र कुणाचे चेहरे पाहून शिकले ते जाहीर हवे, आणि त्याच्या निष्कर्षाविरुद्ध माणसापुढे दाद मागता आली पाहिजे. तालुक्या-तालुक्यातील वकील बांधवांनी हा विषय बार रूममध्ये काढावा. ‘सेल्वी’चा निकाल हाताशी आहेच.