जुन्या संगणकातील कर्जखाती वाचती ठेवा : मोर्शी तालुक्याचे निवेदन

प्रति,
मा. सहकार आयुक्त व निबंधक, सहकारी संस्था,
महाराष्ट्र राज्य, पुणे

मार्फत : मा. जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, अमरावती

विषय : संगणक बदलल्यामुळे बंद पडलेल्या जुन्या हिशेब प्रोग्राममधील सभासदांची कर्जखाती वाचवून ती संस्थांना परत वाचता येतील अशी व्यवस्था करण्याबाबत.

महोदय,

आम्ही मोर्शी तालुक्यातील विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांचे सभासद शेतकरी आणि त्यांचे दप्तर सांभाळणारे गटसचिव आहोत. हे निवेदन आम्ही एकत्र देत आहोत, कारण अडचण दोघांचीही आहे. सभासदाला त्याचा जुना खातेउतारा मिळत नाही आणि गटसचिवाला तो देता येत नाही. दोघेही त्याच टेबलाच्या दोन बाजूंना बसून बंद पडद्याकडे पाहतात.

आमच्यासारख्या प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाचा प्रकल्प केंद्र शासनाने जून 2022 मध्ये मंजूर केला. देशातील 63 हजार संस्था, सुरुवातीची तरतूद 2,516 कोटी रुपये, अंमलबजावणी नाबार्डकडे, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातल्या 12 हजार संस्था. गावच्या सोसायटीचा हिशेब देशभरातल्या सोसायट्यांसारखा एकाच पद्धतीने लिहिला जावा, ही कल्पना आम्हाला मान्य आहे. नवीन यंत्रे आली याचा आनंदही आहे. आमचे म्हणणे त्या यंत्रांच्या आधीच्या काळाबद्दल आहे.

आमच्यातील काही संस्थांचे हिशेब नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून संगणकावर आहेत. त्या वेळी कोणी स्थानिक जाणकाराकडून, कोणी शहरातल्या विक्रेत्याकडून डॉसवर चालणारा, फॉक्सप्रोसारख्या साधनात लिहिलेला प्रोग्राम घेतला. रोजकीर्द, कर्ज खतावणी, शेअर्स, तेरीज, ताळेबंद सगळे त्यातच. जुन्या 32 बिटच्या विंडोजवर हे प्रोग्राम कसेबसे चालत राहिले. आता येणारा प्रत्येक संगणक 64 बिटच्या विंडोजचा असतो आणि त्या विंडोजमध्ये डॉस काळातले 16 बिटचे प्रोग्राम चालवण्याची सोयच ठेवलेली नाही. विंडोज 11 तर 32 बिटमध्ये निघालेच नाही. विंडोज 10 ला मिळणारा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, त्यामुळे जुने यंत्र तसेच जोडून वापरत राहा, असा सल्लाही आता कोणी देऊ शकत नाही. काही प्रोग्रामना प्रिंटरच्या रुंद पोर्टमध्ये खोचायचे कुलूप, म्हणजे डोंगल, लागते. नव्या संगणकाला ते पोर्टच नाही. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लावायलाही जागा नाही.

त्याहून कठीण प्रश्न अक्षरांचा आहे. त्या काळी मराठी युनिकोडमध्ये लिहिले जात नव्हते. कुठे जिस्ट कार्ड बसवून इस्की संकेतात नावे भरली गेली, कुठे एखाद्या विशिष्ट फाँटच्या आधाराने. आज ती फाइल कोणी उघडलीच, तर आकडे बरोबर दिसतात आणि सभासदाच्या नावाच्या जागी निरर्थक चिन्हांची ओळ येते. रक्कम आहे, तारीख आहे, पण ती कोणाची हे कळत नाही. आमच्याच तालुक्यातल्या रिद्धपूरला महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीत जपले गेले आणि किल्ली हाती लागेपर्यंत पंथाबाहेरच्या महाराष्ट्राला ते वाचता आले नाहीत. तिथे किल्ली सांभाळणारे पंथाचे लोक पिढ्यान्पिढ्या होते. आमच्या प्रोग्रामची किल्ली ज्या एका माणसाकडे होती, त्याचा फोन आता लागत नाही.

जुन्या वर्षांचे हिशेब हवेत कशाला, असा प्रश्न आम्हाला विचारला जातो. लेखापरीक्षण झाले, ताळेबंद मंजूर झाला, अखेरची बाकी नव्या प्रणालीत उतरवली की झाले, असे सांगितले जाते. या प्रश्नाचे उत्तर आम्ही जरा विस्ताराने देतो, कारण या निवेदनाचे कारणच ते आहे.

शेतकऱ्याला मिळणारी प्रत्येक कर्जसवलत मागील तारखेवर ठरते. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत 30 जून 2016 ची थकबाकी पाहिली गेली. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत 1 एप्रिल 2015 ते 31 मार्च 2019 या काळात उचललेल्या पीककर्जाची 30 सप्टेंबर 2019 रोजीची येणे बाकी धरली गेली. नियमित फेडणाऱ्यांसाठी 50 हजार रुपयांपर्यंतचे प्रोत्साहन 2022 मध्ये आले, तेव्हा 2017-18, 2018-19 आणि 2019-20 या तीनपैकी कोणत्याही दोन वर्षांत कर्ज घेऊन ते मुदतीत फेडल्याची नोंद लागली. म्हणजे 2022 साली तीन ते पाच वर्षे मागची उचल कोणत्या तारखेला झाली आणि भरणा कोणत्या तारखेला झाला, हे दाखवावे लागले. अखेरच्या बाकीत ते दिसत नाही. ज्याने वेळेवर सगळे फेडले त्याची अखेरची बाकी शून्य असते, आणि शून्यातून त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध होत नाही. ज्याचे नाव यादीतून सुटले त्याला आपले म्हणणे मांडायला जुना खातेउतारा एवढाच आधार असतो.

डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचेही तेच. 3 लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर शेतकऱ्याला व्याज पडत नाही. एक दिवस चुकला तर पडते. हा एक दिवस खतावणीच ठरवते. ज्या भाऊसाहेबांच्या नावाने ही योजना आहे ते याच अमरावती जिल्ह्याचे. त्यांच्या जिल्ह्यात तरी मुदतीत भरलेल्या कर्जाची नोंद यंत्र बदलल्यामुळे हरवू नये.

पुढची गोष्ट लिहिताना हात जड होतो. आमच्या भागात शेतकऱ्याने आत्महत्या केली, तर कुटुंबाला शासनाची 1 लाख रुपयांची मदत मिळण्यासाठी प्रकरण पात्र ठरावे लागते. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, ते थकले होते का, हे कागदावर दाखवावे लागते. घरातली बाई लेकरांना घेऊन सोसायटीत येते आणि नवऱ्याच्या खात्याचा उतारा मागते. त्या वेळी गटसचिवाने तिला, संगणक बदलला, जुने दिसत नाही, असे सांगावे का? हे उत्तर देण्याची पाळी आमच्यावर येऊ नये, आणि ते ऐकण्याची पाळी तिच्यावर येऊ नये.

वारसाचे नाव लावताना, सात-बारावरचा बोजा उतरवताना, दुसऱ्या बँकेसाठी बेबाकी दाखला देताना हाच अडथळा येतो. संस्थेचेही नुकसान होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 101 खाली वसुली दाखला मागायचा तर पहिल्या उचलीपासूनचा खातेउतारा जोडावा लागतो. तो नसेल तर खरा थकबाकीदार सुटतो आणि त्याचा भार नियमित फेडणाऱ्यांवर येतो.

छापील प्रती आहेतच की, असे कोणी म्हणेल. आहेत, पण बहुतेक वर्षअखेरच्या याद्यांच्या. रोजचे भरणे छापून ठेवण्याइतका कागद आणि रिबन घेण्याची ऐपत लहान संस्थांची नव्हती. जे छापले त्याची शाई फिकी पडली आहे.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम 2000 चे कलम 7 सांगते की जी नोंद ठरावीक काळ जपणे बंधनकारक आहे ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात जपता येते, मात्र पुढे संदर्भासाठी वापरता येईल अशा रीतीने ती उपलब्ध राहिली पाहिजे. न उघडणारी फाइल ही अट पूर्ण करीत नाही. खत-बियाणे विकणाऱ्या संस्थांना वस्तू व सेवा कराचे हिशेब वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात, तिथेही हाच प्रश्न उभा राहतो. आणि प्रोग्राम विक्रेत्याचा असला तरी त्यात भरलेली माहिती संस्थेची आहे. कायदेशीररीत्या घेतलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्रामशी जुळवून घेण्यासाठी लागणारी माहिती काढण्याची मुभा स्वामित्व हक्क अधिनियमाच्या कलम 52 मध्ये दिलेली आहे. म्हणून, विक्रेता सापडत नाही, सबब आम्ही हात लावू शकत नाही, हे कारण यापुढे कोणत्याही स्तरावर ऐकले जाऊ नये.

आमच्या मागण्या अवघड नाहीत. क्रमाने आणि कारणांसह मांडतो.

सर्वांत आधी, एक स्थगिती हवी. जुने संगणक, त्यांच्या हार्ड डिस्क, फ्लॉपी, सीडी आणि डोंगल निर्लेखित करून भंगारात देण्यास आपल्या स्तरावरून तातडीने मनाई करावी. नवे यंत्र आले की जुने खोलीबाहेर जाते आणि त्याबरोबर वीस वर्षे जातात. हे परिपत्रक एका पानाचे असेल, त्याला निधी लागत नाही. बाकीच्या मागण्यांना वेळ लागला तरी चालेल, ही एक मात्र थांबू शकत नाही.

त्यानंतर जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढण्याची सोय व्हावी. गावोगावचे गटसचिव हे काम स्वतः करू शकणार नाहीत, आणि चुकीच्या हाताने डिस्क उघडली तर आहे तेही जाईल. अमरावती आम्हाला 50 किलोमीटरांहून जास्त पडते. म्हणून जाणकार कर्मचारी आणि साधने घेऊन एक पथक मोर्शीच्या सहायक निबंधक कार्यालयात ठरलेल्या दिवशी यावे आणि संस्थांनी आपापले यंत्र तिथे आणावे. प्रत्येक प्रतीचे हॅश मूल्य नोंदवून पंचनामा करावा. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात ते लागते. आज नोंदवले नाही तर उद्या न्यायालयात ही खाती टिकणार नाहीत.

माहिती बाहेर काढणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, हे आम्ही जाणकारांना विचारून लिहीत आहोत. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइलची रचना सर्वज्ञात आहे आणि ती आजच्या साध्या तक्ता-प्रोग्राममध्येही उघडते. मूळ प्रोग्राम चालवून पाहायचाच असेल तर डॉसबॉक्ससारखे मोफत साधन आहे, किंवा नव्या संगणकाच्या आत 32 बिटचा आभासी संगणक उभा करता येतो. तो इंटरनेटला न जोडता फक्त वाचनासाठी ठेवावा. अडते ते मराठी अक्षरांपाशी. जिस्ट तंत्र ज्या सी-डॅकने देशभर पोहोचवले ती संस्था पुण्यातच आहे आणि आपले आयुक्तालयही पुण्यातच आहे. इस्की आणि जुन्या फाँटमधील नावे युनिकोडमध्ये आणणारे साधन सी-डॅककडून घेऊन ते राज्यातील सर्व सेवा संस्थांना विनामूल्य द्यावे. आमच्या एका तालुक्यासाठी केलेले हे काम साऱ्या महाराष्ट्राच्या उपयोगी पडेल.

नव्या प्रणालीत माहिती उतरवताना केवळ अखेरची बाकी पुरेशी मानू नये. किमान 1 एप्रिल 2009 पासूनची प्रत्येक सभासदाची उचल, भरणा, व्याज आणि त्यांच्या तारखा वाचता येतील अशा खुल्या स्वरूपात संस्थेकडे राहाव्यात. नव्या प्रणालीत जागा नसेल तर बाजूला ठेवाव्यात, पण एका क्लिकवर खातेउतारा निघावा. उतरवलेली बाकी बरोबर आहे की नाही हे सभासदाने स्वतः पाहून सही केल्याशिवाय जुने खाते बंद झाले असे समजू नये. ही पडताळणी चावडीवर किंवा संस्थेच्या कार्यालयात यादी लावून करता येईल. वार्षिक सभेपर्यंत थांबण्याची गरज नाही.

या कामाचा खर्च संस्थांच्या माथी मारू नये. मंजूर प्रकल्पातच जुन्या नोंदींच्या डिजिटायझेशनचा घटक आहे, त्यातून तो भागवावा. आणि यापुढे कोणत्याही संस्थेने हिशेबाचा प्रोग्राम घेताना, करार संपल्यावर सर्व माहिती युनिकोडमध्ये, खुल्या स्वरूपात आणि विनाशुल्क परत मिळेल, ही अट करारात असल्याशिवाय त्या खर्चाला मान्यता देऊ नये.

जोवर जुनी खाती वाचता येत नाहीत तोवर त्यामुळे कोणत्याही सभासदाचा दाखला, वारस नोंद किंवा सवलतीचा दावा फेटाळू नये. पासबुक, पावत्या आणि बँकेकडील नोंदींवरून तात्पुरता उतारा देण्याचे अधिकार गटसचिव व तपासणीस यांना संयुक्तपणे द्यावेत. दप्तर न दिसण्याचा ठपकाही गटसचिवावर ठेवू नये. त्याने यंत्र बदलले ते आदेशाने बदलले.

येत्या 1 एप्रिलपासून नव्या हंगामाचे पीककर्ज वाटप सुरू होईल. कपाशी, तूर, सोयाबीनवाल्यांना मृगाआधी पैसा हातात लागतो, आणि संत्रा बागायतदाराला आंबिया बहाराची फळे झाडावर असतानाच खत-पाण्याची सोय करावी लागते. जुने खाते जुळले नाही म्हणून ज्याचे कर्जमंजुरीचे क. म. पत्रक अडेल, त्याचा हंगाम कोणतीही चौकशी परत आणून देणार नाही. म्हणून निर्लेखनाला मनाई करणारे परिपत्रक 15 दिवसांत आणि मोर्शी येथील पथकाची तारीख 31 जानेवारीपूर्वी लेखी कळवावी, ही विनंती. पथक येईल त्या दिवशी यंत्रे आणणे, जुने वापरकर्ते व पासवर्ड शोधून देणे आणि छापील याद्यांशी मेळ घालणे ही कामे आम्ही स्वतः करू. ज्या संस्थांतील यंत्रे अजून जागेवर आहेत त्यांची यादी, प्रोग्रामचा प्रकार आणि अखेरचे चालू वर्ष नमूद करून, या निवेदनासोबत जोडली आहे.

आपले,
विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्थांचे सभासद शेतकरी व गटसचिव,
तालुका मोर्शी, जिल्हा अमरावती
(स्वाक्षऱ्या व अंगठे सोबतच्या पानांवर)

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
मा. जिल्हाधिकारी, अमरावती
मा. जिल्हा विकास व्यवस्थापक, नाबार्ड, अमरावती
मा. सहायक निबंधक, सहकारी संस्था, मोर्शी