‘मला काहीही चालेल!’

थीम पार्कला जायचं म्हटलं की सगळ्यात मोठं भांडण कशावरून होतं? नायट्रोच्या लाइनीत आधी उभं राहायचं की शेवटी? मोबाइल कोण सांभाळणार? पाण्यात भिजायचं की नाही? छे! ही सगळी किरकोळ भांडणं. खरं महायुद्ध पेटतं दुपारी एकच्या ठोक्याला आणि त्याचा विषय असतो, ‘जेवायचं कुठे?’

आणि तुमच्या ग्रुपमध्ये खाण्याच्या बाबतीत नखरे असलेली मंडळी असतील, तर मग बघायलाच नको!

गेल्या महिन्यात एका शनिवारी आमची फॅमिली खोपोलीजवळच्या इमॅजिकाला गेली. आम्ही एकूण सात डोकी आणि सात तोंडं. त्या तोंडांची ओळख करून देते. नंबर एक, माझा भाचा अर्णव, वय वर्षं सहा. हा फक्त पांढरं खातो. दहीभात, इडली (चटणी ताटाला लागलेलीसुद्धा चालत नाही) आणि पोळी-तूप-साखर. नंबर दोन, माझी आई. तिचा शनिवारचा उपवास. नंबर तीन, ताईच्या सासूबाई. त्या कांदा-लसूण खात नाहीत, कधीच. नंबर चार, भाऊजी. त्यांच्या मते बुफेत पैसे वसूल झाले नाहीत तर तो गुन्हा आहे, आणि चिकन नसेल तर त्याला जेवण म्हणत नाहीत. नंबर पाच, ताई. तिचं स्वतःचं असं काहीच नसतं, ती अर्णवच्या तोंडाकडे बघत बसते. नंबर सहा, अस्मादिक. गेले तीन आठवडे मैदा बंद.

आणि नंबर सात, बाबा. बाबांचा खाण्याच्या बाबतीत कुणालाच कधी त्रास नसतो. कुठेही न्या, काहीही मागवा, त्यांचं एकच पालुपद, “मला काहीही चालेल.” किती गुणी माणूस, नाही? हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सकाळी सातला पोहे खाऊन आम्ही ठाण्याहून निघालो. एक्स्प्रेस वेवर फूड मॉलला थांबलो. आईला साबुदाण्याची खिचडी मिळाली, भाऊजींनी ऑम्लेट हाणलं, अर्णवने काही न खाता चहाच्या काउंटरवरच्या साखरेच्या पुड्या खिशात भरल्या आणि ताईचा ओरडा खाल्ला. बाबांनी बिनसाखरेचा चहा घेतला. “पोहे झालेत की. मला नको काही.”

पार्कमध्ये पहिले दोन तास टोटल धम्माल! अर्णव घसा बसेपर्यंत ओरडला, सासूबाई (वय ६६) एका राइडला चक्क दोनदा बसल्या. एक वाजला आणि भाऊजींनी नकाशा उघडला.

मग काय! बुफे म्हटलं तर अर्णवला तिथल्या वासानेच उलटी होणार. बर्गर म्हटलं तर आईला काय आणि माझ्या मैद्याचं काय? साधी थाळी म्हटली तर सासूबाईंनी हळूच विचारलं, “ग्रेव्हीत कांदा असेल ना गं?” एका ठिकाणी जाऊन मेन्यू वाचला, बाहेर आलो. दुसऱ्या ठिकाणी भली मोठी लाइन. तिसरं पार्कच्या पार दुसऱ्या टोकाला. ऊन मी म्हणत होतं. अर्णवने जमिनीवर बैठा सत्याग्रह सुरू केला, ताईचा आवाज चढला, भाऊजींचा त्याहून चढला. सगळ्यांचं लक्ष त्या सहा वर्षांच्या मुलाने काय खावं याच्याकडे. मधूनच कुणीतरी विचारलं, “बाबा, तुम्हाला काय?” उत्तर ठरलेलं.

दोन वाजून गेले होते. मी सहज मागे वळून बघितलं तर बाबा एका बाकावर बसलेले. शर्ट घामाने चिंब. हात थरथरत होते. “बाबा, काय झालं?” तर म्हणाले, “तिकिटं कुणाकडे आहेत?” तिकिटं! आत येऊन तीन तास झाले होते.

बाबांना मधुमेह आहे, बारा वर्षं. सकाळी सहाला शुगरची गोळी, सातला पोहे, त्यानंतर फक्त तो चहा. वर उन्हातली चाल. मीटर बॅगेत आणि बॅग लॉकरमध्ये. आम्ही सगळे नुसते उभे. भाऊजी कोल्ड्रिंकसाठी काउंटरकडे धावले, पण तिथेही लाइन होतीच.

तेवढ्यात अर्णव उठला आणि त्याने खिसा बाबांच्या मांडीवर रिकामा केला. साखरेच्या पुड्या! चांगल्या पाच. “आजोबा, ही माझी पोळीची साखर.” सासूबाईंनी पटापट तीन पुड्या फोडून पाण्यात ढवळल्या आणि बाबांना पाजल्या. मी तोवर फर्स्ट एडच्या माणसाला गाठलं. पंधरा-वीस मिनिटांत बाबा माणसात आले. त्यांचं पहिलं वाक्य काय असावं? “तुमचं जेवायचं ठरलं का?”

मंडळी, त्या क्षणी मला हसू आलं, रडू आलं आणि स्वतःचा जाम रागही आला.

मग आम्ही सगळ्यात जवळच्या ठिकाणी शिरलो. मेन्यू न बघता काउंटरवरच्या मुलाला विचारलं, साधा भात आणि दही मिळेल? म्हणाला, “मेन्यूत नाही, पण देतो.” मिळालं की! बाबा आणि अर्णव समोरासमोर बसून दहीभात जेवले. सासूबाईंनाही तोच चालला. भाऊजी स्वतःचं चिकन स्वतः शोधायला गेले, आई फळांचा बाऊल घेऊन सावलीत बसली. जगबुडी झाली नाही. जे चाळीस मिनिटांच्या भांडणात सुटलं नव्हतं ते पाच मिनिटांत सुटलं.

रात्री बाबांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी आधी माझी हजेरी घेतली आणि मग दोन गोष्टी समजावल्या. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन अशी असतात, की ती घेऊन जेवण लांबवलं तर साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, भूक, धडधड आणि असंबद्ध बोलणं ही त्याची लक्षणं. मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला किंवा मीटर नसताना लक्षणं दिसली, तर साधारण १५ ग्रॅम साखर पोटात जायला हवी. म्हणजे तीन चमचे साखर, ग्लुकोज पावडर किंवा साधं कोल्ड्रिंक (डाएट नव्हे!). पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, फरक नसेल तर पुन्हा तेवढीच साखर द्यायची. बरं वाटल्यावर नीट जेवायचं. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक मदत बोलवायची.

तर, आमच्या फजितीतून निघालेले काही फंडे. फुकट घ्या!

फंडा नं. १ : जागा नव्हे, वेळ आधी ठरवा. ‘कुठे’ हा प्रश्न भूक लागल्यावर सुटत नाही, उलट चिघळतो. ज्याचं जेवण घड्याळावर चालतं (मधुमेही, लहान मूल, गरोदर बाई) त्याच्या वेळेला सगळ्यांनी बसायचं. बारा-साडेबाराला बसलात तर एक ते दोनची झुंबडही टळते. शिवाय भरपेट बुफे हाणून लगेच उलटंपालटं करणाऱ्या राइडमध्ये बसायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको!

फंडा नं. २ : एका टेबलाचा हट्ट सोडा. सगळ्यांनी एकत्र जेवलंच पाहिजे हे लग्नाच्या पंगतीत ठीक. पार्कमध्ये दोन गट करा, अर्ध्या तासाने ठरलेल्या जागी भेटा.

फंडा नं. ३ : फोन करा, बॉस! तिकीट काढायच्या आधी पार्कला विचारा. साधा भात मिळेल? कांदा-लसूण नसलेलं? उपवासाचं? बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, हा नियम बहुतेक पार्कांचा असतो. त्यावर गेटवरच्या सिक्युरिटीशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. थिएटरांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये मालकांना बाहेरचं खाणं अडवता येतं असंच म्हटलं, पण पिण्याचं पाणी मोफत द्या आणि तान्ह्या बाळांचं खाणं आणू द्या, हेही बजावलं. तो निकाल थिएटरांपुरता आहे. तरी औषधं, ग्लुकोज, बाळाचं खाणं यांना सूट आहे का, हे आपण आधी विचारून ठेवावं.

फंडा नं. ४ : आयुष्यातला पहिला पास्ता पार्कमध्ये नको. साधारण दोन ते सहा वर्षांच्या मुलांना नव्या पदार्थाची भीती वाटणं अगदी कॉमन आहे. एखादा पदार्थ आवडायला तो आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळासुद्धा समोर यावा लागतो. एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंचं सूत्र मला पटलं. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. पण हे प्रयोग घरच्या टेबलावर करा. गर्दी, ऊन, कर्कश म्युझिक अशा ठिकाणी मुलाला त्याचं ओळखीचं खाणं मिळू द्या. एक दिवस नुसता दहीभात खाल्ला तर कुणाचं काही बिघडत नाही. (मूल महिनोन्महिने मोजके चार पदार्थच खात असेल आणि वजन वाढत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.)

फंडा नं. ५ : गेटच्या आधी पोट भरा. मी लहान असताना आम्ही एस्सेलवर्ल्डला गेलो होतो. आईने लाँचमध्येच पोळी-भाजीचा डबा उघडून सगळ्यांना सक्तीने खायला घातलं होतं. तेव्हा मला भयंकर लाज वाटली होती. आता कळतंय, ती बाई जीनियस होती.

येताना खोपोलीत वडापाव खायला थांबलो. अर्णवने वडा भाऊजींना देऊन नुसता पाव खाल्ला आणि त्याला कुणी काही बोललं नाही. ताईसुद्धा नाही. मी बाबांना विचारलं, “बाबा, काय घेणार?”

“मला काहीही...”

“बाबा, ‘काहीही’ नावाचा पदार्थ इथे मिळत नाही. नाव सांगा.”

बाबा गप्प. एवढा साधा प्रश्न, पण माणूस खरंच विचारात पडला. त्यांना हे शेवटचं नीट कुणी विचारलं असेल, कोण जाणे. मग जरा ओशाळं हसत म्हणाले, “खरं सांगू? एक वडा घेईन. पण घरी गेल्यावर पावभाजी मागवू नका हं. मला पावभाजी अजिबात आवडत नाही.”

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. गेली वीस वर्षं आमच्या घरी बाबांच्या वाढदिवसाला पावभाजी होते.

तेव्हा या वीकेंडला कुठेही जा, राइडला बसा, किंचाळा, फोटो काढा. फक्त निघण्याआधी तुमच्या ग्रुपमधल्या त्या ‘काहीही चालेल’वाल्या माणसाला एकदा बाजूला घेऊन विचारा, की बाबा रे, तुला नेमकं काय हवंय? आणि हो, खिशात साखरेच्या चार पुड्या असू द्या!