हिरवे रक्त आणि भाड्याचे खेळ

व्हिडिओ गेममधील हिंसेवर आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, ते वाचताना आम्हांस नेहमी एकच शंका येते: या मंडळींपैकी कुणी आयुष्यात एकदा तरी हाती कंट्रोलर धरला आहे काय? धरला असता तर त्यांची तक्रार निराळी झाली असती. हे खेळ मुलांना खुनी बनवतात, असे ते म्हणतात. आमचे म्हणणे असे, की हे खेळ खेळणाऱ्याला कंटाळा आणतात. आणि हा आरोप अधिक गंभीर आहे.

नैतिक ओरड तशी जुनीच. 'मॉर्टल कॉम्बॅट' १९९३ साली घरगुती यंत्रांवर आला तेव्हा निन्टेन्डोने आपल्या आवृत्तीतील रक्त पुसून त्या जागी करडा घाम दाखवला. सेगाच्या यंत्रावर मात्र एक सांकेतिक कळक्रम दाबला की रक्त उसळत असे. खप सेगाचा अधिक झाला, हे सांगायला नकोच. त्याच डिसेंबरात अमेरिकी सिनेटसमोर सुनावणी झाली, १९९४त वयानुसार वर्गवारी करणारे मंडळ आले, आणि अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यास बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. खेळामुळे मुले हिंसक होतात असे सिद्ध झालेले नाही, हे न्यायालयाने त्या निकालात स्पष्टच म्हटले.

आपल्याकडचा अध्याय याहून विनोदी आहे. मार्च २०१९मध्ये राजकोटात पब्जीवर बंदी आली आणि तो खेळल्याबद्दल काही तरुणांना अटकही झाली. सप्टेंबर २०२०मध्ये देशभर बंदी झाली, पण ती हिंसेपायी नव्हे, सुरक्षेच्या कारणावरून. २०२१ साली तोच खेळ भारतीय नाव धारण करून परतला तेव्हा त्यातील रक्त हिरवे झाले होते. माणूस तसाच पडतो, बंदूक तीच. फक्त रंग बदलला की संस्कृती वाचते! करड्या घामापासून हिरव्या रक्तापर्यंत अठ्ठावीस वर्षांत नीतिरक्षकांची झेप एवढीच.

रक्ताच्या रंगाशी आम्हांस कर्तव्य नाही. आमची तक्रार क्रियापदांविषयी आहे. कोणत्याही खेळाचा प्राण, खेळणारा त्यात काय *करू* शकतो, यात असतो. शेकडो माणसे वर्षानुवर्षे राबून एखादे शहर उभे करतात. त्यात पावसाने ओले झालेले रस्ते, दुकानांच्या पाट्या, खिडकीतले दिवे सारे काही असते. आणि त्या शहरात आम्हांस करता काय येते? नेम धरणे आणि गोळी झाडणे. याचे कारण गूढ नाही. नेमबाजी यंत्राला सोपी जाते: लागली किंवा चुकली, एवढाच हिशोब. समजूत घालणे, संशय घेणे, क्षमा करणे यांचा हिशोब मांडणे महाकठीण, आणि प्रचंड भांडवल गुंतले की कठीण वाटेला कुणी जात नाही. लुकस पोप या एकट्या माणसाने २०१८ साली 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' रचला. त्यात एका जहाजावरील साठ जणांपैकी प्रत्येकाचे नाव आणि त्याचे काय झाले, हे शोधून नोंदवहीत लिहावे लागते. मृत्यू त्यातही पानोपानी आहे. पण मेलेल्याला नाव आहे.

मोठ्या कंपन्यांनी प्रयत्नच केला नाही असे नाही. 'मॉडर्न वॉरफेअर २' (२००९) मध्ये विमानतळावरील निःशस्त्र प्रवाशांच्या कत्तलीत खेळणाऱ्याला सामील केले होते, आणि नको वाटल्यास तो भाग वगळण्याची सोयही आधीच पुढे केली होती. धाडस करायचे आणि माफीही खिशात ठेवायची, असा तो प्रकार. खरे धाडस 'स्पेक ऑप्स: द लाइन' (२०१२) ने केले. दुबईच्या वाळूत पांढऱ्या फॉस्फरसचा मारा आपल्याच हातून घडतो, आणि मग जळालेल्या नागरिकांमधून आपल्यालाच चालत जावे लागते. गोळी झाडणे या क्रियापदाला त्या खेळाने कर्ता परत दिला.

तो खेळ आज डिजिटल दुकानांत नाही. जानेवारी २०२४मध्ये, काही परवान्यांची मुदत संपत आल्याचे कारण देऊन, तो विक्रीतून काढून घेण्यात आला. कुणी बंदी घातली नाही, सुनावणी झाली नाही, मोर्चाही निघाला नाही. जे नीतिरक्षकांना जमले नाही ते एका कराराच्या कलमाने साधले.

इथे आमचा रोख यंत्रांकडे वळतो. नव्वदच्या दशकात आपल्या घरांत आलेली ती नकली यंत्रे आठवावीत: कॅसेट खोचायची, नाही चालली तर फुंकर मारायची. 'सुपर मारिओ'ची मूळ कॅसेट चाळीस किलोबाइटची होती, आणि ती ज्याच्या हाती त्याच्या मालकीची. आज आम्ही पूर्ण किंमत मोजून आणलेली डिस्क आत सरकवतो, तर यंत्र म्हणते, आधी अमुक गिगाबाइट उतरवून घ्या. मग खाते उघडा. मग अटी मान्य करा. २०१३त मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्ससाठी दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरीची अट घातली आणि जुन्या डिस्कच्या फेरविक्रीवर बंधने आणू पाहिली. ओरड इतकी झाली की महिन्याभरात माघार घ्यावी लागली. त्यानंतर कुणी असे जाहीर करण्याच्या फंदात पडले नाही. हळूहळू करून टाकले. ३१ मार्च २०२४ रोजी यूबिसॉफ्टने 'द क्रू'चे सर्व्हर बंद केले, आणि एकट्याने खेळणाऱ्यांच्या कपाटातली डिस्कसुद्धा निकामी झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सोनीचे सातशे डॉलरचे नवे यंत्र आले, त्यात डिस्क घालण्याची सोय वेगळे पैसे मोजल्याशिवाय नाही.

'नको असेल तर घेऊ नका,' असे यावर ऐकवले जाते. पुस्तकांबाबत हेच कुणी म्हणाले असते तर? प्रकाशकाने तुमच्या फडताळातील प्रत कोरी करावी आणि वाचकाने दुसरे पुस्तक घ्यावे! अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या खेळांपैकी सत्त्याऐंशी टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे तिथल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ साली मोजून दाखवले. ज्या कलेची मागची पाने अशी उपलब्धच नाहीत, तिच्यातील हिंसा सवंग की सखोल हे ठरवायचे तरी कशाशी ताडून? 'स्पेक ऑप्स' न खेळलेला पंधरा वर्षांचा मुलगा गोळी झाडणे म्हणजे गुण मिळवणे एवढेच शिकेल, आणि त्याला तो खेळ आता द्यायचा तर लॅमिंग्टन रोडवर जुन्या डिस्कचा ढीग उपसावा लागेल. शिवाय ती चालवणारे एखादे जुने यंत्रही.